नवशीचं तुडवलेलं चित्र

"त्या भिकाशेठची जिरवल्याशिवाय मी शाळेत परत जायची नाही!" नवशीने कुंचला पाण्यात असा बुचकळला, की शेजारी बसलेल्या भावाच्या, जिव्याच्या तोंडावर शिंतोडे उडाले.

रागाला कारणही तसंच होतं. सोमवारी ती उधव्याच्या नदीतल्या डोहाकाठी शाळेने सुट्टीत काढायला सांगितलेलं चित्र काढत बसली होती. वीटभट्टीवाला भिकाशेठ आला आणि चिखलाचा बूट मुद्दाम चित्रावर ठेवून म्हणाला, "नदी कसली चितारतेस? भट्टीवर विटा उचल!" नवशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते चित्र तिने टाकलं नाही. राग निवू नये म्हणून जपून ठेवलं!

आज गुरुवार. अठ्ठावन्न सालच्या मे महिन्याचं ऊन मी म्हणत होतं. त्याच डोहाकाठी बसून काढलेलं नवं चित्र तिने जुन्याशेजारी ठेवताच नारू ओरडला, "अगं, तो काळा खडक बघ! सोमवारी कमरेएवढ्या पाण्यात होता, आज पार उघडा!"

नारू जिव्याचा वसतिगृहातला दोस्त, नरपडच्या मच्छीमाराचा मुलगा, सुट्टीत पाहुणा आलेला. "आमच्या समुद्राला ओहोटी येते. तुमच्या नदीला कुठली?"

"उन्हाने आटलं असेल," जिव्या म्हणाला.

"तीन दिवसांत दोन हात? खुळा की काय!" नारू म्हणाला.

पाड्याला प्यायला तेवढाच डोह होता. तिघं काठाकाठाने वर धावली. वळणावर, करवंदीच्या जाळीमागे, ताजा खणलेला चर! नदीचं पाणी खळखळत भिकाशेठच्या भट्टीकडे चाललं होतं.

नवशीच्या बापाने, काकड्याने, तलाठ्यांना बोलावून आणलं. ते आंब्याखाली टेकले आणि जांभई देत म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी आटतंच, पोरांनो."

"चर जुनाच आहे, साहेब!" भिकाशेठने री ओढली.

नवशीने दोन्ही चित्रं पुढे धरली. "सोमवारचं पाणी बघा, आणि आजचं!"

"दोन्ही आजच काढलीस, लबाडे!" भिकाशेठ खेकसला.

"मग पहिल्यावर हा बुटाचा ठसा कुणाचा? टाचेला तीन खिळे आहेत. शेठ, पाय वर करा बरं!"

जमलेला सगळा पाडा हसला. भिकाशेठचं डोकं फिरलं. "अगं, ते तर मी सोमवारी तुडवलं होतं!" बोलला आणि जीभ चावली.

"म्हणजे सोमवारी पाणी इथवर होतं तर!" तलाठ्यांची झोप उडाली. "चर बुजवा, शेठ. आत्ता, स्वतःच्या हातांनी! शाबास, पोरी. माझे डोळे उघडलेस."

भर उन्हात भिकाशेठ फावडं मारू लागला. सावलीत नवशीने नवा कागद घेतला.

"पोरी, घोटभर पाणी दे गं!"

"हलू नका, शेठ! अजून तुमचा घाम रंगवायचाय."

"सावकाश रंगव, बाय," काकड्या म्हणाला. "घाई कसली?"