पालथं पान

सकाळी माझा नवरा तुओमो तळ्यावर, बर्फाखाली लावलेली मासळीची जाळी काढायला गेला. आमच्या उत्तरेकडे मार्चमध्येही तळं गोठलेलंच असतं. बर्फावरची स्कूटर घेऊन जाळ्यांकडे जाणं म्हणजे आमच्याकडे दूध आणायला जाण्याइतकी साधी गोष्ट. येताना लाकडं आण, मी म्हटलं. तो "हं" म्हणाला. एवढंच आमचं बोलणं.

दुपारी बचाव पथकाची माणसं आली. स्कूटरच्या खुणा बेटापलीकडे गेल्या होत्या आणि तिथे बर्फ फुटून काळं पाणी दिसत होतं. आम्ही शोधतोय, तुम्ही घरातच थांबा, असं सांगून ती परत गेली. मी रडले नाही. मला काहीच वाटत नव्हतं. हात बधिर झाला की तो आपलाच आहे हे नुसतं ठाऊक असतं, तसं झालं होतं.

धाकटा दीर ओस्सी शहरातून आला होता. चुलीतल्या लाकडांचा आवाज तेवढा येत होता. मग सासूबाईंनी खणातून पत्ते काढले.

"आई, आत्ता?" ओस्सी म्हणाला.

"नुसतं बसवत नाही रे. पिस."

वालेपास्का हा थापांचा खेळ. पानं पालथी टाकायची आणि तोंडाला येईल ते ठोकून द्यायचं. ज्याला संशय येईल त्याने "खोटं!" म्हणून पानं उलटायची. थाप निघाली तर सगळा ढीग थापाड्याच्या गळ्यात, नाहीतर संशय घेणाऱ्याच्या. कोणीच हरकत घेतली नाही, तर थाप खरी धरायची. सुट्टीत या खेळाने घर डोक्यावर घेतलं जायचं. सासूबाई दरवेळी हरायच्या, कारण थाप मारली की त्यांचे कान लाल व्हायचे.

"तीन राण्या," त्या म्हणाल्या. कान लालभडक.

"खोटं! तोंडाने थापा मारतेस, पण कानांना कोण शिकवणार?" ओस्सीने पानं उलटली.

तीन राण्या. त्याने चडफडत ढीग उचलला.

पुन्हा त्यांची पाळी आली. "चार राण्या."

"खोटं! अगं, तीन माझ्याच हातात आहेत..."

त्याने पानं उलटली. चार राण्या. मग त्याने स्वतःच्या हातातली पानं चाळली. राण्यांच्या जागी तीन सत्त्या होत्या.

"आई... काय केलंस?"

"मी नुसतं म्हटलं..." त्या पुटपुटल्या.

त्यांच्याकडे एकच पान उरलं होतं. ते त्यांनी छातीशी धरून ठेवलं. त्या काय म्हणणार ते मला कळलं. त्यांना थांबवायला हवं, हेही कळलं. मी थांबवलं नाही.

"तुओमो घरी आलाय," म्हणत त्यांनी पान पालथं ठेवलं. कान लाल होते.

शेवटच्या पानाला सगळेच हरकत घेतात. सवयीने ओस्सीचं तोंड उघडलं. मी त्याचं मनगट गच्च धरलं.

"वहिनी..."

"नको. काही बोलू नकोस."

पायरीवर कोणीतरी बूट आपटले. दार उघडलं.

"लाकडं बाहेर रचलीत," तुओमो म्हणाला. "भूक लागलीय."

मी माशाचं सूप वाढलं. मला भीती वाटायला हवी होती, आनंद तरी व्हायला हवा होता. मी पाव कापला.

फोन वाजला. ओस्सीने घेतला. मी शेजारीच होते, पलीकडचा आवाज मला ऐकू आला. तुमचा भाऊ सापडला... बर्फाखाली... ओळख पटवायला कोणीतरी या.

ओस्सीने फोन ठेवला. "राँग नंबर." आता त्याचे कान लाल झाले होते.

मी गप्प राहिले. सासूबाईही.

"सगळ्यांची अशी तोंडं का?" तुओमो हसला. "खरं सांगा, कोण थाप मारतंय?" त्याने टेबलावरच्या पानाकडे हात नेला. सासूबाईंनी पानावर पंजा दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आणखी घे ना," मी त्याला म्हटलं आणि पातेल्यातलं कढत सूप पुन्हा वाढलं. तो वाडग्यावर वाकला. वाफ थेट त्याच्या चेहऱ्यावर येत होती. त्याच्या दाढीतला बर्फ काही वितळत नव्हता.