शनिवारचं गिऱ्हाईक

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात शिरला, तो पुस्तकासाठी नव्हेच. सन त्र्याण्णवचा मार्च, धुळ्याचं ऊन, साक्रीहून उभ्याने केलेला एसटीचा प्रवास — आणि गल्लीत पंखा फिरत असलेलं पहिलं दुकान आमचं.

"ताई, जरा पाणी मिळेल?"

मी बसल्या जागेवरून माठाकडे बोट दाखवलं. उठायचं जिवावर आलं होतं. माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाल्यापासून सहा वर्षं हे पुस्तकांचं दुकान मी एकटी बघत होते, आणि अठ्ठाविसाव्या वर्षीच माझे पाय संध्याकाळी म्हातारीसारखे सुजायचे.

पाणी पिऊन तो गेला नाही. मुलांच्या पुस्तकांपाशी उकिडवा बसला. नाव पितांबर, साक्रीच्या पुढे डोंगरातल्या एका गावात शाळामास्तर... हे सगळं त्याचं त्यानेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. कान तेवढे तिकडे होते.

मग दर शनिवारी येऊ लागला. सकाळची शाळा सुटली की गाडी पकडायची, दोनच्या सुमाराला दारात हजर. पोरांना काय आवडेल, विचारायचा. कुठल्या गोष्टीला पोरं खदखदून हसतात, कुठलं पुस्तक नुसतंच गुळगुळीत कागदाचं आहे, मी सांगायचे — तो मान तिरकी करून ऐकायचा, नावं वहीत लिहून घ्यायचा. विकत मात्र काही घ्यायचा नाही. तिसऱ्या शनिवारी त्याच्या बोलण्यातलं 'ताई' गळालं, आणि मी विक्रीचं मनावर घेणं सोडून दिलं. इतकी मी वेडी.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन भटूभाऊ एक जाड पार्सल घेऊन आला. पुण्याच्या एका घरपोच पुस्तक योजनेचं. या योजनेने आमच्या गळ्याला नख लावलं होतं. शाळाशाळांत तिची यादी जायची. सभासद झालं की जवळपास निम्म्या किमतीत पुस्तक टपालाने दारात. डॉक्टर, बँकवाले, मास्तर, आमची सगळी जुनी माणसं तिकडे वळली होती. शेवटी आबांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुकान एका कापडवाल्याच्या ताब्यात द्यायचं ठरवलं होतं.

पार्सलवर नाव पितांबरचं होतं. पत्ता आमच्या दुकानाचा.

शनिवारी मी ते त्याच्यापुढे ठेवलं. तो खूशच झाला. गावात पोस्टमन आठवड्यातून एकदा येतो, खोलीला कुलूप दिसलं की पार्सल परत जातं. म्हणून म्हटलं, पुस्तकंच आहेत, पुस्तकांच्या दुकानात येऊ देत. यात काही चुकलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"म्हणजे निवडायचं मी आणि विकायचं त्यांनी," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उतरला. यादीत नुसतं नाव आणि किंमत असते, आत काय आहे ते कळत नाही, असं काहीतरी तो सांगू लागला. पण या योजनेमुळेच शाळेत चाळीस पुस्तकं झाली होती. त्याआधी एकही नव्हतं. ते खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. आमच्या दुकानाने त्या डोंगरात कधी एक पुस्तक पोचवलं नव्हतं.

"आखाजीला दुकान बंद होतंय," मी म्हणाले. "पुढचं पार्सल दुसरीकडे मागवा."

त्याने पार्सल जवळ ओढलं. मग त्याचं शाळेतलं मराठी सुटलं आणि घरचं बोलणं आलं.

"मी पुस्तकंसकरता येत नही," पार्सलच्या सुतळीकडे बघत तो म्हणाला. "मी तं... तुमनाकरता येस."

किती शनिवार मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकलं तेव्हा हसायचंही त्राण नव्हतं. मी स्टुलावर बसले. डोळे भरून आले — थकव्याने असेल.

"दुकान बंद झाल्यावर काय करणार?" त्याने हळूच विचारलं.

"झोपणार. आठ दिवस."

"आणि नवव्या दिवशी?"

"नवव्या दिवशी... आबांना भेटायला या." मी पदर सारखा केला. "पुस्तक आणू नका. नुसते या."

तो आठव्याच दिवशी आला. मी झोपले होते. आई उठवायला निघाली, तर राहू द्या, म्हणून त्यानेच तिला थांबवलं आणि आबांच्या खाटेशी बसला. मी उठले तेव्हा उन्हं कलली होती, त्यांचा दोनदा चहा झाला होता, आणि आबांनी लग्नाला होकारही देऊन टाकला होता. मला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

"प्रमिला," त्याने पहिल्यांदाच नावाने हाक मारली, "अजून झोप बाकी आहे?"

"आहे," मी म्हणाले.

"मग थांबतो," तो म्हणाला.