पायथ्याचा पाट

टक...

स्वयंपाकघरात लाकूड फरशीवर टेकलं.

गडचिरोली. मार्चमधला मंगळवार, दुपारचे दोन. नवरा, धम्मदीप, ऑफिसला. लेक नंदिनी माझ्या मांडीवर, मूठ माझ्या ओढणीत गुंतवून झोपलेली.

घरात तिसरं कुणी नव्हतं.

आमच्याकडे भुतंखेतं मानत नाहीत. मीही मानत नव्हते. पण हे घडलंय. लेक झोपते तेवढ्यात लिहितेय.

मी आर्किटेक्ट. डोंगरातलं एक गाव सरकारनं उठवलं, आणि त्याच गावाच्या घरांसारखं पर्यटक केंद्र बांधायचं काम मला मिळालं. कुडाच्या भिंती, उतरती कौलं, मधोमध सागाचा खांब. खांब त्या गावच्या म्हाताऱ्या रुखमाबाईंच्या घरातला.

त्या घरात वारलेलं माणूस मधल्या खांबाच्या पायथ्याशी राहतं असं मानायचे. रोज पहिला घास तिथे. घर सोडताना जोडीदारानं पाणी सोडायचं, नाव घ्यायचं, त्याला सोबत न्यायचं.

"खांब न्या बाई. पण माह्या मालकाले, सुकलूले बोलावू द्या आधी. दोन रोज थांबा."

"ट्रक दारात आलाय. खांब कुठे पळतोय रुखमाबाई? केंद्रात येऊन बोलवा."

"माह्याच घरात तिकीट काढून?" त्या हसल्या.

मीही हसले.

खांब माझ्या नकाशापेक्षा हातभर लांब निघाला. खालून कापला. सुतार तुकडा फेकणार होता.

"राहू दे. पोरीला बसायला पाट होईल."

महिन्यानं केंद्रातून चौकीदार इतवारीचा फोन.

"मॅडम, एक म्हातारी तांब्या घेऊन आली. खांब चाचपून राह्यली. म्हणते, याचा पायथा कुठी हाय?"

मी नंदिनीला भरवत होते. ती त्याच पाटावर बसली होती.

"नंतर बघू," म्हटलं.

त्या मंगळवारी ती टक ऐकून उठून पाहिलं...

सकाळी भिंतीला उभा केलेला पाट स्वयंपाकघराच्या मधोमध. दुसऱ्याच दिवशी तो घेऊन उठवलेल्या गावाच्या नव्या वस्तीत गेले. दारात रुखमाबाईंची लेक, मीराबाई.

"आता आणता व्हय? बोलावणारी गेली. पंधरा दिस झाले."

दार लागलं.

पाट परत आणला. फेकवत नाही. रोज दुपारी... टक.

आज नंदिनी पाटासमोर उकिडवी बसली होती. पाटावर तिच्या ताटातला भाताचा घास.

"आई, आजोबा जेवतच नाहीत."

"कोण आजोबा, पिल्लू?"

तिनं पाटाकडे पाहिलं. कान दिल्यासारखं केलं. मग, ज्या घरात मी ते नाव कधी उच्चारलं नव्हतं, तिथे माझ्या चार वर्षांच्या पोरीनं विचारलं...

"आई, रुखमा कुठी हाय?"