दक्षिणेची खिडकी

स्वतःच्याच घराच्या तळघरात राहायची पाळी आली, तेव्हापासून गुनवोरचं डोकं तापलेलं होतं ते तापलेलंच होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी वर परक्या लोकांचे पाय वाजायचे. कधी जर्मन, कधी फ्रेंच, कधी सिंगापूरचे. सगळे आकाशातला हिरवा उजेड बघायला ट्रोम्सोत आलेले, आणि ढग आले की तोंड पाडून तिच्या स्वयंपाकघरात तिच्याच कपांतून कॉफी पिणारे.

हे सगळं तिच्या मुलाचं, आयलिवचं डोकं. बाप गेला त्याच वर्षी तो पुलापलीकडच्या आपल्या घरून आला आणि गोडगोड बोलला, "आई, तुझे गुडघे दुखतात, कशाला जिने चढतेस? खालची खोली चांगली उबदार आहे. वरचं आपण पाहुण्यांना देऊ." तिच्या गुडघ्यांची इतकी काळजी त्याला जन्मात वाटली नव्हती.

बाकी खोल्या गेल्या चुलीत. गुनवोरला हवी होती ती वरची दक्षिणेची खिडकी. नोव्हेंबरात डोंगराआड गेलेला सूर्य जानेवारीत ज्या दुपारी पुन्हा डोकं वर काढतो, त्या दुपारी ती आणि तिचा नवरा हाल्वदान त्या खिडकीत बसून जॅम भरलेले पाव खायचे. लग्नानंतर एक वर्ष चुकलं नव्हतं. तळघराच्या खिडकीतून शेजारणीच्या मोटारीची चाकं तेवढी दिसतात.

"यंदाचा सूर्य मी माझ्या खिडकीतून बघणार," तिने डिसेंबरातच बजावलं होतं.

"त्या दिवशी खोली गेलीये गं. लोक वर्षभर आधी ठरवतात. शेजारी ओदनीकाकूच्या बाल्कनीतून बघ ना."

"तुझा बाप असता तर त्यालाही ओदनीच्या बाल्कनीत बसवलं असतंस?"

आयलिव नुसता हसला. पाहुण्यांना उशांचे अभ्रे दाखवताना हसतो तसा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

बूट पहिल्यांदा दिसले ते नाताळ उलटल्यावर. या गावात बूट घालून कोणी घरात पाऊल टाकत नाही. पाहुण्यांनाही ते दारातच सांगावं लागतं, आणि दारातला चिखल पुसायचं काम अर्थात गुनवोरकडे. त्या सकाळी पाहुण्यांच्या रंगीबेरंगी बुटांच्या शेवटी एक जोडी होती. कातड्याची, मांडीपर्यंत येणारी, जुने कोळी घालायचे तसली. तिच्या आजोबांनंतर तिने कुणाच्या पायात पाहिली नव्हती. खाली पाणी साचलं होतं. पुसताना ते तिच्या भेगाळलेल्या बोटांना झोंबलं. बर्फाचं पाणी झोंबत नाही. तिने बोट जिभेला लावलं. खारट होतं.

"हे कोणाचे?" तिने जिन्यावरून उतरणाऱ्या जर्मन नवराबायकोला विचारलं.

"आम्हाला वाटलं, मालकांचे," बायको म्हणाली.

"मालकीण मी आहे."

"नाही, वरचे ते. टेबलाशी बसलेले असतात ते."

म्हणजे या पोराने गुपचूप तिसरा माणूस घुसवला. गुनवोरने तिथल्या तिथे फोन लावला आणि त्याला फैलावर घेतलं. आयलिव शपथेवर सांगत होता की वर दोघंच आहेत. तिने फोन आपटला, बूट उचलले आणि अंगणातल्या बर्फात भिरकावून दिले. खाली जाऊन, कॉफी पिऊन परत आली, तर बूट जागेवर होते. पाणी थेंबाथेंबाने पसरत होतं. दारापासून बुटांपर्यंतची फरशी मात्र कोरडी होती.

जर्मन लोक ठरल्या दिवसाआधीच निघाले. नवरा मोटारीत जाऊन बसला होता. बायको नाड्या बांधताना हळूच म्हणाली, "वाईट नाहीत हो ते. आवाजसुद्धा चढवत नाहीत. आम्ही फिरून आलो तर आमच्या बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या. एकेक कपडा नीट घडी केलेला."

त्यांच्यानंतरचे फ्रेंच एक दिवस टिकले. पुढचे तर चहाही न पिता गेले.

गुनवोरला मनातून उकळ्या फुटत होत्या. एवढी वर्षं घसा फोडून जे जमलं नाही, ते कोणीतरी आवाज न चढवता करत होतं. क्षणभर तिला वाटलं, हाल्वदान तर नसेल? पण हाल्वदानची हयात गेली बँकेत, आणि बोटीत पाय ठेवला की त्याला उलट्या व्हायच्या. तो नव्हता. मग कोण, ते तिने विचारलं नाही. आपलं काम होतंय ना, चौकशा कशाला? ताजा कॉड मासा आला, तेव्हा तिने तो काळीज आणि गाभोळीसकट शिजवला आणि एक ताटली वरच्या टेबलावर ठेवून आली. संध्याकाळी ताटली रिकामी होती. धुतलेली होती. ठेवली होती ती मात्र दुसऱ्याच फडताळात, आणि फडताळातले तिचे कप सगळे हलवलेले होते. हे तिला आवडलं नाही.

सूर्य परतायच्या आदल्या दिवशी आयलिव लालबुंद होऊन आला.

"उद्याचे पाहुणेही हातचे गेले. झालं समाधान? कुठल्या भंगारातून आणलेस हे बूट?"

"मी नाही आणले."

"मग भुताने आणले? लाज वाटत नाही या वयात लोकांना घाबरवायला?"

"लाज? आईला तळघरात कोंबणाऱ्याने मला लाज शिकवावी?"

"कोंबलं नाही, ठेवलंय. नीट ठेवलंय. आज मी वर झोपतो, बघतो कोण येतं ते."

ठेवलंय. तो शब्द तिच्या वर्मी बसला. त्याला अडवावं, निदान जर्मन बाई काय म्हणाली ते सांगावं, असं तिच्या मनात आलं होतं. ते तिने गिळून टाकलं.

"झोप," ती म्हणाली. "खुशाल झोप."

दुसऱ्या दिवशी दक्षिणेचं आभाळ निळ्याचं गुलाबी व्हायला लागलं, तशी ती पावांची ताटली घेऊन वर निघाली. दारात आयलिवचे बूट एकटेच होते. शेजारी फरशीवर मिठाचे दोन पांढरे डाग होते.

आयलिव कप विसळत उभा होता. घरात, लाकडी फरशीवर, बूट घालून. ते कातडी बूट.

"काढ ते आधी," ती कडाडली. "फरशी कोण पुसणार, तुझा बाप?"

"माफ करा," तो म्हणाला. काढले मात्र नाहीत. त्याने खिडकीपाशी खुर्ची ओढली. "बसा ना. आता येईलच वर."

तो थट्टा करतोय असं तिला वाटलं. ती बसली. डोंगराच्या खाचेत एक कड पेटली आणि उजेड सरळ तिच्या मांडीवर आला. तिचे डोळे भरून आले.

"तुझे बाबा असते तर," ती म्हणाली.

तो ऐकत होता. मन लावून, सभ्यपणे, अनोळखी माणसाचं ऐकावं तसा.

तिने तोंड फिरवलं, तेव्हा दाराशी तिची बॅग दिसली. तळघरातली. बॅगेवर हाल्वदानचा फोटो लोकरीच्या शालीत नीट गुंडाळून ठेवलेला.

"हे काय आहे?"

"तुमचं सामान."

"आयलिव, पुरे झालं."

तिने कोणाला हाक मारली ते बघायला तो मागे वळला.

संताप तिच्या घशापर्यंत आला. पण ज्याच्यावर काढायचा तो समोर नव्हता.

"अरे, मी आई आहे तुझी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही. "हे माझं घर आहे."

सूर्य पुन्हा खाली गेला. त्याने तिच्या हातातली ताटली हलकेच काढून घेतली.

"हो," तो समजुतीने म्हणाला. "तुमच्या आधी या घरात राहिलेल्या बाईही शेवटी हेच म्हणत होत्या."