जितकं मऊ, तितका मोठा

बाईंना नखाने ओरखडून पाहायची खोड होती. बाजारातला भोपळा असो, नवी बादली असो, की पहिल्यांदा घरी आलेल्या होणाऱ्या जावयाच्या घड्याळाची काच असो, अंगठ्याचं नख एकदा फिरायचंच. "आपण मुलगी देतोय की माल तपासून घेतोय?" असं तेव्हा नवऱ्याने कपाळावर हात मारून विचारलं होतं.

खोडीला कारण होतं. बाईंचं अर्धं आयुष्य कठीणपणा तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. काम सांगायला सोपं. मशीनच्या टोकाला चार बाजूंचा टोकदार हिरा बसवलेला असतो. तो ठरलेल्या वजनाने तुकड्यावर दाबायचा, उचलायचा आणि उमटलेला चौकोनी ठसा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. जितकं मऊ, तितका ठसा मोठा. शिशावर चांगला खड्डा पडतो, पोलादावर नुसता ठिपका, आणि टंगस्टन कार्बाइडवर तो शोधता शोधता डोळे दुखतात. "दिवसभर हात हिऱ्यावर, आणि बोटात अंगठी तांब्याची," असं बाई स्वतःच सांगून हसायच्या.

अलीकडे त्यांना घरी जायची घाई असायची. मुलगी बाळाला घेऊन राहायला आली होती. नात अजून महिन्याचीही नव्हती. तिला बिनधास्त उचलता यावं म्हणून बाईंनी सगळी नखं कापून टाकली होती. अंगठ्याचं तेवढं ठेवलं होतं, खोडीपुरतं.

अशात एका सकाळी साहेब एका माणसाला घेऊन आले. तो कापायची हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यातला होता. त्याने डबी उघडली. आत करंगळीच्या पेराएवढा राखाडी तुकडा होता.

"हिऱ्यापेक्षा कठीण आहे, मॅडम. प्रचंड दाबाखाली बनवलाय. फक्त आकडा हवा."

बाईंना हसू आलं. हिऱ्याच्या खालोखाल कठीण असं माणसाने बनवलेलं बोरॉन नायट्राइडही त्यांच्या हाताखालून गेलं होतं. हिऱ्यावर ताण करायला निघालेले पुष्कळ येत, आणि ठसा बघून एवढंसं तोंड करून जात. त्यांनी तुकडा उचलला आणि सवयीने त्यावर नख फिरवलं. तुकडा गार होता. बराच वेळ मुठीत धरला तरी गारच राहिला.

पहिल्या दाबाला ठसा उमटला नाही. हिऱ्याचं टोकही शाबूत होतं. दोघांपैकी एकाने तरी हार मानायला हवी होती. मशीनमध्ये काही बिघाड आहे का ते बघावं म्हणून बाईंनी कार्बाइडचा कोरा ठोकळा पाकिटातून काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यावर आधीच एक ठसा होता.

त्यांनी वजन वाढवलं. तुकडा तसाच गुळगुळीत. किती वाजले बघायला त्यांनी मनगट वळवलं, तर घड्याळाच्या काचेवर एक बारीक चौकोनी ठिपका चमकत होता. तिसऱ्या दाबानंतर त्यांच्याच कपाटाच्या पितळी कुलपावर खळगा दिसला. तो बघायला भिंगाचीही गरज नव्हती.

कार्बाइड, काच, पितळ. हा क्रम बाईंना पाढ्यासारखा पाठ होता. ठसा एकेक पायरी खाली उतरत होता.

"आणखी एकदा घ्या ना," साहेब म्हणाले. बाईंनी घेतली. तुकड्यावर काही नाही. त्यांच्या अंगठ्याच्या नखात मात्र चार कोपऱ्यांचा खड्डा पडला होता. दुखलं नव्हतं. त्यांनी मशीन बंद केलं.

"मी नाही करणार हे."

"अहो बाई, झालं तरी काय?"

"तो तुकडा परत द्या आधी."

साहेब संतापले. माणसाने मात्र शांतपणे डबी मिटली. "हरकत नाही, मॅडम. दुसऱ्या शहरात करून घेतो. काही वाटलं तर फोन करा," म्हणून नंबर देऊन तो गेला. ब्याद टळली असं बाईंना वाटलं. घरी गेल्या गेल्या त्यांनी ते नख मुळापासून कापलं.

सुट्टीच्या दिवशी बाळाच्या आंघोळीसाठी मुलीने नवा साबण फोडला.

"आई, याच्यावर हा कसला छाप गं?"

वडीच्या मधोमध चौकोनी खळगा होता. बोटाचं टोक आरामात बसेल एवढा.

बाईंनी कोपऱ्यात जाऊन त्या माणसाला फोन लावला.

"हो मॅडम, इथे आत्ताच एक चाचणी झाली. ठसा नाही! आता जेवणं झाली की पुन्हा."

"थांबवा ते."

"का?"

काय सांगणार, कप्पाळ? "तुकड्याला तडा आहे," त्या खोटंच बोलल्या.

"मग तर बघायलाच हवं," तो हसून म्हणाला.

नखाखाली साबण. साबणाखाली काय? बाईंची नजर घरभर फिरली आणि बाळाच्या डोक्यावर येऊन थांबली. टाळू अजून भरली नव्हती. पातळ कातडीखाली ती धडधडत होती.

ठसा आपल्यामागे येतोय की घरामागे, कळायला मार्ग नव्हता. एवढंच कळत होतं की त्याला उतरायला आणखी मऊ जागा द्यायला हवी. त्यांनी डबाभर पीठ परातीत ओतलं आणि सैलसर भिजवलं.

"एवढं पीठ? कोण येणारे आपल्याकडे?" मुलीने विचारलं.

"कोणी येऊ नये म्हणूनच."

"आई, बरी आहेस ना तू?"

बाईंनी बाळाला टोपडं घालून पाळण्यात ठेवलं. पिठाचे गोळे करून पाळण्याच्या चारी बाजूंना मांडले, वरून हात फिरवून गुळगुळीत केले, आणि शेजारी बसून राहिल्या. त्यांना भयंकर भीती वाटत होती.

शेजारच्या घरात जेवणाची ताटं वाजली. मग तीही थांबली.

बाळ रडत होतं.

बाई एकेका गोळ्याकडे बघत होत्या. पहिला गुळगुळीत. दुसरा गुळगुळीत. तिसरा, चौथाही.

बाळ रडायचं थांबलं.

ते जागं होतं. बाईंकडे टक लावून बघत होतं.

त्यांनी टोपड्यावर बोट ठेवलं. कापड आत गेलं होतं. चार सरळ कडा, चार कोपरे. आतली धडधड चालू होती, पण कडेकडेने.

फोन वाजला.

"मॅडम, तडाबिडा काही नाही! ठसाही नाही. आता दुप्पट वजन लावतायत, ऐका."

बाईंच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पलीकडून मशीन खाली उतरल्याचा आवाज आला.