सुटलेला चौकोन

"माझ्या डोक्यावर कुणीच नाही का हो?"

मान वर केली, तर समोर गोदामातला नवा कारकून. हातात मीच काढलेला ऑफिसचा तक्ता – वर साहेब, खाली आपापल्या चौकोनात आम्ही सगळे. याचा चौकोन मात्र कोपऱ्यात एकटाच, जत्रेत चुकलेल्या पोरासारखा. चूक माझीच. रेघ चौकोनाला न चिकटवता नुसतीच ओढलेली; चौकोन सरकवला, रेघ जागच्या जागी राहिली.

शेजारी बसवून संगणकावर दाखवलं – रेघेचं टोक चौकोनाच्या काठावर न्यायचं, ठिपका हिरवा झाला की सोडायचं. मग चौकोन कुठेही न्या, गाईमागं वासरू तशी रेघ मागं मागं. त्यानं कितीदा तरी पुन्हा दाखवायला लावलं. त्याच्या शर्टाला कोऱ्या खोक्यांचा वास होता…

मग त्याला सारख्या आकृत्या लागू लागल्या. माल आत येतो कसा, बाहेर जातो कसा – बाण काढून द्या. पलीकडच्या टायपिस्ट मावशी म्हणायच्या, गोदामात हल्ली मालापेक्षा बाणच जास्त झालेत.

आणि एका सकाळी साहेबांनी सांगितलं – त्याची बदली झाली, लांबच्या शाखेत. तक्ता आजच बदला. मी त्याचा चौकोन धरला, पानाच्या पार टोकाला नेला. रेघ तुटली नाही. ताणत ताणत गेली. मलाच पुढचं दिसेना.

निरोप घ्यायला आला, तो पडद्यावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"ही तुटक रेघ कशाची?"

"सल्ला घ्यायचा, हुकूम मानायचा नाही."

"आणि अखंड?"

"हुकूम मानायचा."

त्यानं माउस घेतला. स्वतःच्या चौकोनातून एक तुटक रेघ काढली, अख्खं पान ओलांडून माझ्या चौकोनाशी आणली… आणि थांबला. बोट दाबलेलंच.

"सोडू?"

ठिपका हिरवा झाला होता.

"अखंड घ्या," मी म्हणाले, "मगच सोडा."

साहेबांकडे तक्ता नेण्याआधी ती रेघ पुसावी लागली. आता ते ऑफिसही नाही, मावशीही नाहीत. पण हे अजून बाजाराला निघताना पिशवी घेऊन दारात थांबतात, हुकूम ऐकतात – आणि आणतात ते स्वतःला हवं तेच.

मी म्हणते, "रेघ तुटक झाली वाटतं."

"असू दे," हे म्हणतात, "चिकटलेली आहे ना…"