धामणगडाची अडलेली पालखी

सह्याद्रीच्या माथ्यावर तांबडे फुटले, धुके दरीत उतरले आणि धामणगडाचा गोमुखी दरवाजा उजेडात आला, तेव्हा दरवाजाखालच्या मेटाचा, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीचा, नाईक गोंदनाक काठीला टेकून वाटेच्या मधोमध उभा होता. खाली पेठेत पटकीने थैमान मांडले होते. घराघरांतून माणसे उचलली जात होती, आणि तीनशे माणसांच्या या गडावर पिण्याच्या पाण्याचे टाके होते एकच. पटकी एकदा वर आली की गड ओस पडला म्हणून समजावे.

म्हणूनच आज्ञापत्र निघाले होते: खालून जो येईल, मग तो कोणीही असो, त्याने मेटावरच्या खोपटात दहा दिवस काढावेत, तोवर दरवाजा नाही. आज्ञापत्रावरचे वळणदार अक्षर होते गडाचे सबनीस रंगोपंत यांचे. आणि आज्ञा पाळण्यात गडकऱ्यांचा उत्साह काय वर्णावा! ज्याला त्याला ती शेजाऱ्यासाठी काढली आहे असे वाटे. कोणी नुसते खोकले की पंचवीस जण ओरडत, आणि मग तेच पंचवीस जण देवळाच्या ओवरीत मांडीला मांडी लावून पटकीच्या गप्पा हाणीत. गोंदनाकाची लेक ठकू, नवरा पटकीने गेल्यावर, एकटी बापाकडे आली. चार दिवसांपासून ती खोपटात होती. बाप भाकरी दगडावर ठेवून मागे सरे, मग ती उचले. तरी तटावरून तिला शिव्या मिळाल्या, दोन धोंडेही आले. गडाच्या रक्षणाची केवढी ही काळजी!

आणि आज त्याच तटावर तीच मंडळी फेटे बांधून, आरत्या घेऊन उभी होती. आज सबनिसांच्या चिरंजीवांची मुंज. मुलाचा मामा, भिकाजीपंत, त्याच पटकीच्या पेठेतून पालखीत बसून वर येत होता. मामावाचून मुंज कशी लागायची? आणि मुंजीवाचून बुंदीचे लाडू कुठून मिळायचे? गडाचे हवालदार पोटात कळ आल्याचे सांगून वाड्यात पडून राहिले होते. शहाणा माणूस!

पालखी वळणावर आली. भोयांनी दम खाल्ला. आतून दरवाजा करकरत उघडला आणि रंगोपंत पीतांबर सावरीत उंबऱ्याशी आले.

"गोंदनाक, वाट सोड. मुहूर्त टळतो आहे."

"जोहार, मायबाप. दहा दिवस खोपटात, मग गडात. आपलंच अक्षर आहे."

"ते येरागबाळ्यांसाठी. पालखीसाठी नव्हे."

 सबनिसाचा एक शब्द, आणि गोंदनाकाची मान कड्यावरून खाली गेली असती. पण तो वाटेतून हलला नाही. इथे ती इतकी अरुंद होती की एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला कडा, आणि मधे उभ्या माणसाला खेटल्यावाचून पलीकडे जाता येत नव्हते.

"दरवाजा उघडा आहे, मायबाप," तो शांतपणे म्हणाला. "मी कोणाला अडवत नाही. ज्याला जायचं त्यानं मला खेटून जावं. आजवर आमच्या सावलीपासून लांब राहिलात, आज पटकीपासून राहा."

रंगोपंतांनी शिपायांना फर्मावले, याला फेकून द्या. शिपाई दोन पावले पुढे आले आणि थबकले. याला हात लावला की विटाळ, विटाळ झाला की पंगत बुडाली! एकाने दुसऱ्याकडे पाहिले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. काठीने ढकला म्हणावे, तर काठीही बाटते. सोवळ्यातला मामा तर पालखीतच आक्रसून बसला, म्हणाला, "अहो, माझ्या अंगावर येईल तो!" ज्यांना पटकीची भीती नव्हती, त्या वीरांना गोंदनाकाच्या अंगरख्याची भीती होती. ऊन चढले, घटिका बुडाली, मुहूर्त टळला.

दुपार कलली आणि पालखीत उलट्या सुरू झाल्या.

मग काय विचारता! भोई पालखी टाकून पळाले. तट एका क्षणात रिकामा झाला. दरवाजा आतून आदळला, आणि सर्वांत पुढे पळाले ते मुलाचे वडील. भिकाजीपंत खडकावर पडून पाणी पाणी करू लागला. ठकू खोपटातून उठली. तुझे दहा दिवस पहिल्यापासून मोजावे लागतील, असे बापाने बजावले. ती म्हणाली, मोज. तिने पाणी पाजले, मीठ घालून पेज पाजली, घाण काढली. गोंदनाक लांब उभा राहून पाहत होता, आणि त्याचा जीव तीळतीळ तुटत होता.

अकराव्या दिवशी मामा आपल्या पायांनी दरवाजाशी गेला. गडावर एकही माणूस दगावला नव्हता. गडाचे उपाध्ये पंचगव्याची वाटी घेऊन पुढे आले आणि त्यांनी विचारले, इतके दिवस पाणी कोणाच्या हातचे घेतलेत?

"झऱ्याचे," भिकाजीपंत म्हणाला. "माझ्या हाताने ओंजळीने प्यालो." आणि तो आत गेला.

पुढे हुजुरांकडून बंदोबस्ताबद्दल शेला आला. तो रंगोपंतांनी पांघरला. मुंजीची वाट अडवल्याबद्दल गोंदनाकाची नाईकी गेली. पण त्या अकराव्या दिवशी, भिकाजीपंतामागे दरवाजा मिटला तेव्हा, संतापलेल्या म्हाताऱ्या गोंदनाकाने खोपटाकडे पाहून विचारले, "ऐकलंस, ठकू? तुझ्या तोंडावर खोटं बोलला."

ठकू चुलीवरचे मडके उतरवीत होती.

"जगला म्हणून बोलला, बा," ती म्हणाली. "बोलू दे."